दूध, हळद, बिडी

हर्सूलच्या नाक्यावर कारभारी पांढरेचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. फुलंब्रीकडच्या शेतकऱ्यांचे जळालेले पंप, शहरातल्या बायकांचे मिक्सर, मंदिरातले आणि मशिदीतले पंखे, सगळं तिथं यायचं आणि बरं होऊन परत जायचं. दुकानाचा मालक विजेला भितो, हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. त्याचा धंद्यावर काही वाईट परिणाम झाला नाही. उलट आसपासचे न भिणारे वायरमन एकेक करून कमी होत गेले, तशी कारभारीकडे गर्दी वाढत गेली.

कारभारी जन्मला तो पोलीस ॲक्शननंतरच्या थंडीत. त्याआधीचा पावसाळा त्याच्या आईनं, पोटुशी असताना, रझाकारांच्या भीतीनं फुलंब्रीच्या शिवारात बाजरीच्या उभ्या पिकात लपूनछपून काढला होता. कुत्रं भुंकलं तरी ती तोंडात पदर कोंबायची. "माझं पोरगं पोटातच भ्यायला शिकलं," असं ती पुढं सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात कौतुक असायचं. पुढं गावात वीज आली. ज्या आठवड्यात आली त्याच आठवड्यात चुलत्याचा बैल अंग खाजवायला नव्या खांबाला टेकला आणि उभ्या उभ्या पडला. खांबावर चढून हार घालणारी मंडळी खाली उतरली. कारभारी तेव्हा मेंढरं घेऊन शेजारीच उभा होता. त्यानंतर तो खांबाला वळसा घालून चालायला लागला, आणि ती सवय जन्मभर गेली नाही.

असा माणूस वायरमन झाला, त्याला कारण तंत्रशाळेतल्या शिवणकामाच्या वर्गाच्या जागा. त्या भरल्या होत्या. वायरमनच्या वर्गात एक रिकामी होती, कारण तिथला एक जण घरी पळाला होता. कारभारीनं तो का पळाला याची चौकशी केली, उत्तर ऐकलं, आणि वडील बाहेर उभे असल्यामुळे नाव घातलं.

पहिल्याच महिन्यात त्याच्या हातून मीटर गेला. वीज किती जाते हे मोजायचा मीटर वाटेत बसवायचा असतो, जकातनाक्यावर शिपाई बसवतात तसा. जे जाईल ते त्याच्यासमोरून जाईल. कारभारीचे हात इतके थरथरत होते की त्यानं तो वाटेत न बसवता थेट विजेच्या दोन टोकांना चिकटवला. मधे अडवायला काहीच नाही. काटा एका झटक्यात शेवटाला गेला, खटकन आवाज झाला, थोडा धूर निघाला आणि काटा तिथंच राहिला. त्या दिवसापासून कारभारीचा मीटरवरचा विश्वास उडाला. मीटरचं तोंड बघून तो जिता आहे का मेला आहे ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. बल्ब मेला की दिसतो.

म्हणून दुकानात त्यानं आपलं माप बल्बावर बसवलं. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभरचा बल्ब, आणि दोन लांब वायरी. तपासायला आलेल्या वस्तूला तो थेट वीज कधीच द्यायचा नाही. आधी बल्बातून, मग वस्तूतून. दोघांची वाट एकच असल्यामुळे बल्बातून जेवढी जाते तेवढीच पुढं वस्तूतून जाते. मधे ती कुठं मुक्काम करत नाही. बल्ब काळाच राहिला तर आत कुठंतरी तार तुटलेली. बल्बाची नुसती तार तांबूस झाली, तर वीज जाते पण बेतानं. याला तो 'बिडी' म्हणायचा. पिवळा उजेड पडला की 'हळद'. आणि बल्ब पांढराफेक पेटला की 'दूध', म्हणजे वस्तूच्या आत वाट अडवणारं काही उरलेलंच नाही, आता हिला हात लावू नका. गिऱ्हाइकांनाही हे माप पाठ झालं होतं. "कारभारी, बिडी का दूध?" असं लांबूनच विचारून ती पंपाचं भवितव्य समजून घ्यायची.

शिवाय तो काम करताना डावा हात सदऱ्याच्या खिशात घालायचा. दोन हात लावले तर वीज एका हातातून शिरून छातीवाटे दुसऱ्यातून निघते, हे त्याला वर्गात सांगितलं होतं, आणि वर्गात सांगितलेलं एवढं एकच त्याच्या मनावर कायम उमटलं होतं. गिऱ्हाइकाच्या घरी जाताना तो जेवायला बसायचा लाकडी पाट काखेत मारून न्यायचा आणि त्याच्यावर उभा राहून काम करायचा. नवख्या घरातल्या बायका पाट बघून गोंधळायच्या आणि आत जाऊन भात टाकायच्या.

"क्यूं कारभारी, आज भी डरते डरते?" शेजारचे चहावाले रशीदभाई रोज विचारायचे.

"हौ भाई, रोज के जैसा," कारभारी सांगायचा. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नसे.

इथवर त्याची भीती त्याच्या एकट्यापुरती होती. मंजुळाचं लग्न झालं आणि ती भीती तिच्याबरोबर सासरी गेली.

मंजुळा ही त्याची एकुलती एक लेक. ती गंगापूरच्या पलीकडे, उसाच्या मधोमध वस्ती करून राहणाऱ्या मल्हाररावांच्या घरी दिली. माणसं चांगली होती. जावई बद्रीनाथ कष्टाळू होता. मल्हारराव मिशीवाले, मोठ्या आवाजाचे, आणि कुठलीही गोष्ट विकत घेण्याआधी तिच्यावाचून कसं भागतं ते शोधणारे.

पांढऱ्यांच्या घरात एक रीत होती. लेक दिली त्या घरचं पाणीसुद्धा, तिला पहिलं मूल होईपर्यंत, आईबापानं प्यायचं नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं. कारभारी दोनदा वस्तीवर गेला आणि दोन्ही वेळा कोरड्या घशानं बसून परत आला. बोलण्याचीही साधारण हीच रीत होती. लेकीच्या घरी बापानं मान खाली घालून बसायचं आणि जे दाखवतील त्याला छान म्हणायचं. बाप संध्याकाळच्या गाडीनं निघून जातो. लेक तिथंच राहते, आणि बापाच्या बोलण्याचं उत्तर तिला द्यावं लागतं.

संक्रांतीला मंजुळा माहेरी आली ती गोड बातमी घेऊन. जेवताना ती सासरच्या गमती सांगत होती.

"आण्णा, आमच्या सासूबाईंना नवं औषध घावलंय. धुणं वाळत घालायची तार हाय ना, सांजच्याला ती धरून उभ्या ऱ्हात्यात. मनगटाला मुंग्या येत्यात म्हणं. लई बरं वाटतं."

साळूबाई, तिची आई, हसली. कारभारीचा हात भाकरीवरच थांबला.

"सांजच्यालाच कामून?"

"दिवा लावल्यावरच येत्यात मुंग्या. दिवसा नाय येत."

"दिवा कसा लागतो तुमच्यात? वस्तीवर तर मीटर नाय."

मंजुळानं सांगितलं. विहिरीच्या पंपाकडे जाणारी लाइन वस्तीवरून जाते. सांजच्याला मल्हारराव बांबूनं तिच्यावर आकडा टाकतात. आकड्याची वायर ओट्यावरच्या बल्बाला. बल्बातून निघालेली दुसरी वायर धुण्याच्या दगडाशेजारी जमिनीत ठोकलेल्या पहारीला.

"मामंजी म्हणत्यात, माघारी जायला दुसरी वायर कशाला लागती? जमीन हाय की. पहारीपाशी पाणी वतलं की उजेड वाढतो बघा आण्णा. गंमतच हाय."

"आन् वाळत घालायची तार?"

"ती पहारीलाच बांधलीया. दुसरं टोक लिंबाला."

कारभारीनं ताट बाजूला सारलं. त्याच्या डोळ्यांसमोर ते सगळं एका रेषेत उभं राहिलं: लाइन, आकडा, बल्ब, पहार, जमीन. दुकानातल्या फळीवर असतं तसंच. बल्बातून जेवढी जाते तेवढीच पहारीतून जाते. फरक एवढाच, की इथं बल्बाच्या पुढं तपासायला ठेवलेली वस्तू म्हणजे आख्खं अंगण होतं, आणि त्या अंगणात त्याची लेक अनवाणी धुणं धूत होती.

"दिवा लागल्यावर त्या तारंला हात लावायचा नाय," तो म्हणाला. "ऐकलं का मंजे? अजिबात नाय."

"बरं," मंजुळा म्हणाली. थंडीत स्वेटर घाल म्हटल्यावर पोरं म्हणतात तसं.

ती सासरी गेल्यावर कारभारीला झोप कमी आली. मल्हाररावांना निरोप द्यावा, तर काय द्यावा? तुमचा दिवा चुकीचा आहे? एकदा त्यानं एसटीनं गंगापूरपर्यंत जाऊन बघितलं. स्टँडवर चहा घेतला, काय बोलायचं त्याची मनात उजळणी केली, ती सगळी वाक्यं मल्हाररावांच्या तोंडावर कशी दिसतील याचा विचार केला आणि त्याच एसटीनं परत आला. दुकानात एखादा बल्ब हळदीवर गेला की त्याला अंगण दिसायचं. माघ गेला, फाल्गुन गेला, जमिनीला भेगा पडल्या. आणि कोरडी जमीन वीज सहज आत घेत नाही, हे त्याला माहीत होतं. तिनं घेतली नाही, तर ती पहारीवर तुंबून राहणार.

चैत्रात मंजुळाचं ओटीभरण ठरलं. ते झालं की तिला बाळंतपणाला हर्सूलला आणायची. निघताना साळूबाईनं नवऱ्याची पिशवी उघडून बघितली. आत चाचणीचा बल्ब होता, आणि काखेत पाट.

"लेकीच्या वटीभरणाला निघालात का मोटार खोलायला?"

"असू दे."

"लोक काय म्हणतील, इवाई आपलं आसन घिऊन आला?"

"म्हणू दे."

गंगापूरच्या स्टँडवर त्यानं पुढच्या सगळ्या दिवसाचं पाणी एकदम पिऊन घेतलं. जीपमधून वस्तीवर पोचेपर्यंत ते घामावाटे निघून गेलं.

"या, या इवाई!" मल्हारराव ओट्यावरून ओरडले. "पाट आणला व्हय संगं? आमच्यात बसायला देत नायत वाटलं?"

सगळे हसले. कारभारीही हसला. हसता हसता त्याची नजर अंगणात फिरली. धुण्याचा दगड. त्याच्या शेजारी कमरेएवढी वर राहिलेली पहार. पहारीपासून लिंबापर्यंत ताणलेली तार, तिच्यावर वाळत घातलेली लुगडी. दगडाभोवती जेवढं धुण्याचं पाणी पडलं होतं तेवढीच काळी ओल, तिच्या मधे डबकं, आणि बाकी सगळं अंगण तव्यासारखं.

"आज एक बल्ब नाय बरं का," मल्हारराव म्हणाले. "माळ लावणार हाय. बद्रीनाथनं गंगापुरातनं बल्ब आणलेत. वस्तीवर असा उजेड कुणी पाह्यला नसंल. तुम्ही तर यातलेच. कशी वाटती कल्पना?"

"छान हाय," कारभारी म्हणाला. मग जीभ ओली करायचा प्रयत्न करून म्हणाला, "फकस्त म्हणतो मी, ती पहार जरा लांब ठोकली तर? तिकडं उसात."

"उसात? आन् पाणी कोण घालंल तिला? हितं धुण्याचं पाणी आपसूक पडतं."

"व्हय, ते बी खरंच. म्हणजे, करंट जरासा..."

"आवो इवाई, दोन वर्षं झाली, काय झालंय का कुणाला? तुमची मंजुळा सांगत व्हती, तुमी पंख्याला बी पाटावर उभं ऱ्हाऊन हात लावता." मल्हाररावांनी ओट्यावरच्या मंडळींकडे बघितलं. "आमच्यात पंखाच नाय, तवा निवांत बसा!"

पुन्हा हसणं झालं. कारभारीनं विहिणीकडून प्रयत्न केला. मनकर्णाबाई पुरणाचं बघत होत्या.

"इहीनबाई, तारंचा गंज लागतो कापडाला. सुंभाची दोरी बांधली तर बरी. मी पाठवून देतो हर्सूलहून."

"गंज लागू द्या पाव्हणं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि मनगट पुढं करून दाखवलं. "ह्या मनगटाला त्या तारंचा गुण हाय. वैद्याचा लेप लावून लावून थकले मी. ती तार नाय हलवायची."

मंजुळाला एकटीला गाठावं, तर तिच्याभोवती बायकांचा गराडा होता. तिला हिरवं लुगडं नेसवत होत्या, फुलांचे दागिने बांधत होत्या. तिथं बापाचं काम नव्हतं. साळूबाईला त्यानं खुणेनं बाजूला बोलावलं.

"तिला सांग, तारंपाशी जाऊ नको म्हणावं. माळ लावल्यावर तर अजिबात नाय."

"लेकीचं वटीभरण हाय," साळूबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या त्या बल्बापायी नासवू नका. तोंड बघा आपलं, कसं झालंय. पोरीनं बघितलं तर भियील."

पोरीनं भ्यावं अशीच त्याची इच्छा होती. पण ती गडबडीत होती, हसत होती, आणि कारभारी खांबाला न टेकता ओट्याच्या कडेला, पिशवी मांडीवर आणि पाट काखेत घेऊन बसला. त्याचा घसा दुपारपासून लाकडासारखा झाला होता. समोर उंबऱ्याच्या आत माठ दिसत होता, त्याच्यावर ओलं फडकं. त्यानं तिकडं बघायचं टाळलं, तर नजर पहारीवर जायची.

दिवेलागणीला बद्रीनाथनं बांबूनं आकडा वर टाकला. बारीक ठिणगी पडली. ओट्यावरचा पहिला बल्ब लागला. कारभारीनं बघितलं. हळद. नुसत्या एका बल्बाला हळद. म्हणजे जमीन आत्ताच अडवतेय. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बद्रीनाथनं दुसरा बल्ब जोडला. तो लागला, पण पहिला थोडा उतरला. तिसरा जोडला, दोघं अजून उतरले. चौथा, पाचवा. जितके बल्ब वाढत गेले तितका प्रत्येकाचा रंग खाली गेला, आणि शेवटी दारावर ओळीनं तांबूस ठिपके लुकलुकत राहिले. बिडी. सगळी माळ बिडी.

"लाइनच ढिली हाय," मल्हारराव जाणकाराच्या आवाजात म्हणाले. "सणावाराला खांबावरूनच कमी सोडत्यात. बद्री, पहारीपाशी एक बादली वत."

बद्रीनाथनं पाणी ओतलं. डबकं पसरलं. बल्ब किंचित वर आले आणि थांबले. सगळ्यांनी "आलं, आलं" म्हटलं.

कारभारीनं माळेतले बल्ब पुन्हा एकदा मोजले. खांबावरून वीज कमी सोडलेली नव्हती. उलट आता जास्त जात होती. पाची बल्बांतून वेगवेगळी निघालेली वीज माघारी जायला एकाच वाटेवर येत होती, आणि ती वाट म्हणजे चैत्रातल्या कोरड्या जमिनीत हातभर शिरलेली एक पहार. बल्बात जो उजेड दिसत नव्हता तो कुठं गेला नव्हता. तो पहारीवर उभा होता. पहारीला बांधलेल्या तारेवर उभा होता. फक्त तिथं तो दिसत नव्हता.

वस्तीवरचं कुत्रं रोजच्यासारखं डबक्यातलं पाणी प्यायला आलं. पुढचे पाय ओलीत ठेवून त्यानं तोंड खाली घातलं, आणि एकदम हवेत उडालं. केकाटत, शेपूट पायात घालून ते उसात पळालं.

"इंचू चावला वाटतं!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. पोरं हसली, म्हाताऱ्या हसल्या.

कारभारी उठून उभा राहिला.

तेवढ्यात मनकर्णाबाई आतून ओलं धोतर पिळत आल्या. त्याच्यावर पुरणाचं काही सांडलं होतं, म्हणून ते लगोलग धुतलं होतं. "मंजे, एवढं मामंजीचं धोतर टाक तारंवर, आन् मग बस पाटावर. बायका खोळंबल्यात."

मंजुळानं धोतर घेतलं. हिरवं लुगडं वर खोचलं, ओट्याच्या पायऱ्या उतरली. अनवाणी. तिला आठवलं असावं, कारण अंगणाच्या मधे तिनं एकदा वळून बापाकडे बघितलं. मग सासूकडे बघितलं. आणि पुढं निघाली.

थांब म्हणायचं होतं. कारभारीनं तोंड उघडलं. पण या घरात 'थांब' म्हणायचा हक्क त्याला नव्हता, आणि त्या शब्दाला त्याच्या घशातून वाटच सापडेना. ती डबक्याच्या कडेला पोचली. तिचा हात धोतरासकट वर गेला. तेव्हा त्या लाकूड झालेल्या घशातून जे दुपारपासून अडून बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"पाणी!" तो ओरडला. "मंजे, मला पाणी दे! आधी पाणी दे!"

ओटीची गाणी म्हणणाऱ्या बायकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. साळूबाईनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. आजवर या वस्तीवर बऱ्याच गोष्टी झाल्या होत्या, पण लेकीच्या बापानं, नातवंडाआधी, सगळ्यांसमोर पाणी मागितलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

मंजुळा वळली. वर गेलेला हात खाली आला, धोतर खांद्यावर पडलं, आणि ती घाबरून घराकडे, माठाकडे पळत सुटली.

ती उंबऱ्याच्या आत जाताच कारभारीनं पाट काखेतून काढून जमिनीवर टाकला, त्याच्यावर चढला, भिंतीशी टेकवलेला बांबू धरला. तो एका हातानं उचलेना. तेव्हा कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्याचा डावा हात कामाच्या वेळी खिशातून बाहेर आला. डोळे अर्धे मिटून त्यानं वरचा आकडा ढकलला. आकडा निसटून खाली आला आणि सगळी वस्ती अंधारली.

"कोण हाय रे! काय लावलंय हे?" मल्हाररावांचा आवाज.

बद्रीनाथनं कंदील लावला. त्या उजेडात मंजुळा तांब्या घेऊन समोर उभी होती.

"आण्णा, खरंच?"

"दे."

तो सगळा तांब्या प्यायला. अजून मागितला. तोही प्यायला. नुसता त्याच्या घशाचा आवाज येत होता. मग त्यानं तोंड पुसलं.

"इवाई," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण निघत होता. "तुमचं पाणी प्यालो. रीत मोडली ती मोडली. आता मी पाव्हणा ऱ्हायलो नाय, घरातला झालो. आता घरातल्यासारखं बोलतो. बद्री, आकडा परत टाक. आन् कुणी जागचं हलायचं नाय. दगडाकडं तर कुणीच नाय."

एवढं सलग तो या घरात पहिल्यांदाच बोलला होता. बहुधा त्यामुळेच मल्हाररावांनी अडवलं नाही. बद्रीनाथनं आकडा टाकला. माळ पुन्हा तांबूस झाली.

कारभारीनं पिशवीतून चाचणीचा बल्ब काढला. पाट कोरड्या जागी, तारेजवळ ठेवून त्याच्यावर उभा राहिला. विहिरीच्या पाण्यातून आलेला लोखंडी पाइप अंगणातल्या हौदाशी उघडा होता. बल्बाच्या एका वायरीचं टोक त्यानं त्याला गुंडाळलं. डावा हात खिशात घातला. उजव्या हातातलं दुसरं टोक, लाकडी मुठीला धरून, तारेला टेकवलं.

ना लाइनला जोडलेला, ना माळेत असलेला, तो एकटा बल्ब पेटला. तांबूस. माळेतल्या बल्बांएवढाच, त्यांच्यासारखाच.

"माळेत कमी पडलं ते हे," कारभारी म्हणाला. "लाइन ढिली नाय. अर्धं बल्बात जातंय, अर्धं हितं उभं हाय. आत्ता पोरीच्या हातात ओलं धोतर व्हतं आन् पाय पाण्यात. हा बल्ब जसा पेटला ना, तसंच तिच्यातनं..." हातातलं टोक थडथड तारेवर आपटायला लागलं आणि बल्ब मिचमिचला. "काढ रे आकडा. काढ लवकर."

बद्रीनाथनं आकडा काढला. मनकर्णाबाईंनी उजवं मनगट पदराखाली घेतलं आणि डाव्या हातानं घट्ट धरून ठेवलं. त्या सगळ्या संध्याकाळी तो हात पुन्हा बाहेर आला नाही.

"मला बी वाटतच व्हतं," मल्हारराव शेवटी म्हणाले, "काहीतरी हाय म्हणून."

"व्हय," कारभारी म्हणाला. "तुमच्या ध्यानात आलंच असतं."

ओटी कंदिलाच्या उजेडात भरली. मंजुळा पाटावर बसली. तो पाट कारभारीचा होता, कारण तिनं तोच मागितला. पाणी प्यालेल्या माणसाला जेवायला नाही म्हणता येत नाही, म्हणून कारभारीला पुरणाच्या पोळ्या वाढल्या. त्यानं त्या गुळवणीत बुडवून खाल्ल्या. साळूबाई शेजारी बसून होती. तिनं रीत सोडली नाही. पाण्याचा थेंब घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये, मंजुळाला मधे घेऊन बसल्यावर, साळूबाई पहिल्यांदा बोलली.

"एवढा घसा कोरडा पडला व्हता व्हय?"

"पडला व्हता."

साळूबाईनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गंगापूर येईपर्यंत तो तिथून काढला नाही. स्टँडवर उतरल्यावर ती मात्र आधी नळाकडे गेली.

पावसाळ्यात हर्सूलला मंजुळाला मुलगी झाली. तोवर वस्तीवर दुसरी वायर आली होती आणि रीतसर मीटरही. मल्हारराव आल्यागेल्याला सांगत, एका वायरीचं काम धोक्याचं असतं, हे आपण आधीपासून म्हणत होतो. त्या संध्याकाळची गोष्ट मात्र आसपासच्या वस्त्यांवर वेगळ्याच रूपात पोचली. तिच्यात माळ नव्हती, पहार नव्हती, कुत्रं नव्हतं. ते सगळं सांगायचं तर सांगणाऱ्याच्या घरातलंच कुणीतरी खुळं ठरायचं. उरलं एवढंच, की हर्सूलच्या इवायाला तहान आवरली नाही आणि त्यानं नातवंडाआधी लेकीच्या घरचं पाणी प्यायलं. बाजारात कुणी कारभारीला तसं तोंडावर विचारलं, की तो "व्हय, लई तहान लागली व्हती" एवढंच म्हणायचा. खरं सांगितलं असतं तर ते वस्तीवर पोचलं असतं, आणि वस्तीवर मंजुळाला नांदायचं होतं.

नात घेऊन तिला पोचवायला तो गेला, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मल्हारराव स्वतः तांब्या घेऊन पुढं आले.

"प्या इवाई. आता हक्काचं हाय."

कारभारीनं तांब्या लगेच घेतला नाही. आधी अंगणात नजर टाकली. पहारीची जागा बुजवलेली होती. लिंबापासून ओट्याच्या लाकडी खांबापर्यंत सुंभाची दोरी होती, तिच्यावर नातीची दुपटी वाळत होती, आणि मनकर्णाबाई त्यांतली एक उलटी करत होत्या. ओट्यावर एकच बल्ब लागला होता, पांढरा, दुधासारखा. दुकानात या रंगाला तो वस्तू खाली ठेवून दोन पावलं मागं सरकायचा. इथं सगळा उजेड बल्बातच होता, अंगणात काही उरलं नव्हतं, आणि तो थोडा वेळ बघत उभा राहिला.

मग डावा हात खिशात घालून त्यानं तांब्या घेतला.